नोंद नसलेला नवस

शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

आईने पिशवी भरली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पाच दिवसांच्या मुक्कामाला तीन साड्या, जपमाळ, गोळ्यांचा डबा, सुकेळी, सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि चप्पल एकच, पायातली. "दुसरी घे, तुटली तर?" म्हटलं. "लागणार नाही," म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

वसई रोडवरून थेट गोव्याची गाडी यंदा ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्याआधी गुजरातेतून येणाऱ्या गाड्यांत जागा मिळाली तर नशीब. आई याआधी एकदाच गेली होती, १९७४ साली, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, तिच्या वडिलांबरोबर. अठरा वर्षांची होती. रत्नागिरीपर्यंत ओकत गेली एवढं तिला पक्कं आठवतं. दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या धर्मप्रचारकाचं शव बॉम जिझस बॅसिलिकातल्या उंच जागेवरून खाली उतरवतात आणि समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेऊन दर्शनाला ठेवतात. यंदा २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. मधल्या चार वेळा आईला कधी बाळंतपणं, कधी शेती, कधी पप्पांची नोकरी आडवी आली. यंदा मात्र तिने गणपतीच्या सुट्टीतच मला सांगून ठेवलं होतं, डिसेंबरची रजा टाक म्हणून.

मी तारापूरला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. तेवीस वर्षं झाली. रसायनशास्त्र वाचता वाचता माझी श्रद्धा सुटली असं सांगायला मला आवडतं. खरं म्हणजे सुरुवातीला रविवारची शिफ्ट लागायची, मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकायची, आणि मग चुकायची सवय झाली. तर्क नंतर आला, हिशेब जुळवायला. आमच्या खात्यात एक वाक्य नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात: ज्याची नोंद नाही, ते घडलेलंच नाही. मी ते घरीही वापरते. मुलं वैतागतात.

पनवेल यायच्या आत आईची जपमाळ संपली. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं, येशूच्या यातनांचे प्रसंग आठवत म्हणायची माळ. समोरच्या बाकावर चिपळूणला उतरणारे एक काका होते. त्यांनी बराच वेळ माळेकडे बघून शेवटी विचारलंच, "गोव्याला त्या शवाच्या दर्शनाला का? ते खरंच कुजलेलं नाही म्हणतात?"

"बघून सांगते," आई म्हणाली.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सँशियन बेटावर हा माणूस तापाने गेला. वय ४६. बरोबरच्यांनी पेटीत कळीचा चुना भरला, मांस लवकर गळावं आणि हाडं जहाजातून न्यायला सोपी जावीत म्हणून. अडीच महिन्यांनी पेटी उघडली तर देह ताजा. लोकांनी चमत्कार म्हटलं. पण चुना मांस खातो हाच मुळात गैरसमज आहे. तो ओल शोषतो आणि कुजणं उलट लांबवतो. डुकरांची मढी चुन्यात पुरून केलेल्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे. ज्याने नष्ट करायचं म्हटलं त्यानेच राखलं, एवढीच गंमत.

काका हुशार निघाले. "मग तिथून थेट गोव्यात आणलं का?"

नाही. आधी मलाक्क्याला नेलं, तिथे पेटीशिवाय मातीत पुरलं, काही महिन्यांनी पुन्हा उकरलं. तेव्हाही देह शाबूतच होता असं लिहून ठेवलेलं आहे. गोव्यात आणला तो १५५४ च्या मार्चमध्ये.

"त्या मातीत चुना होता?"

"माहीत नाही."

आईने दोघांना एकेक सुकेळं दिलं.

करमळीला उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आई स्टेशनाबाहेर आली आणि पदर खोचून म्हणाली, "चालत जाऊ. अडीच-तीन किलोमीटर तर आहे." मी तिला वेड्यात काढलं. अंधार, ओझं, तिचे गुडघे. टॅक्सी केली. ती मागच्या सीटवर गप्प बसून राहिली. मला वाटलं दमली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

ज्या बाईंच्या घरात खोली घेतली आहे त्यांनी सकाळी पोयी, म्हणजे गोव्याकडचा पाव, आणि चहा दिला, आणि सांगितलं, रांगेत पाण्याची बाटली ठेवा, वाद घालू नका.

रस्त्याच्या कडेला दुकानं लागलेली. खाजें, चणे, प्लास्टिकच्या माळा, मेणबत्त्या. बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत असतात तसे मेणाचे अवयवही होते. हात, पाय, डोळे, तान्हं बाळ, छोटंसं घर. ज्याचं जे दुखतं, त्याने ते वाहायचं. आई एकेका टोपलीत वाकून बघत होती.

"फुप्फुसं आहेत का?"

दुकानवाल्या बाईला आधी कळलंच नाही. आईने स्वतःच्या छातीवर दोन्हीकडे हात ठेवून दाखवलं. बाईने एक अख्खी छाती काढून दिली. आईने ती उलटसुलट केली, परत ठेवली आणि साधी लांब मेणबत्ती घेतली. थंडीत तिला खोकला होतो, त्यासाठी असेल असं मी धरलं.

रांग तीन तासांची. मांडव घातलेला, पंखे लावलेले, स्वयंसेवक पोरं आरडाओरडा न करता माणसं सरकवत होती. म्हाताऱ्यांना बाजूने सोडत होते. खुर्ची आणून देतो म्हणाले, आईने नको म्हटलं. आमच्या पुढे बेळगावकडून चालत आलेल्या बायका होत्या. तळव्यांना पट्ट्या, टाचा फुटलेल्या, गळ्यात माळा, आणि गप्पा चालल्या होत्या मराठीत, घरच्या म्हशीच्या. पंढरीच्या वाटेवर दिसतात तेच पाय. आई रांगभर त्या पायांकडे बघत होती.

मी आपली वाचलेलं आठवत उभी. या दर्शनाची सुरुवातच मुळी संशयातून झाली आहे. पोर्तुगालच्या राजाने १७५९ मध्ये जेझुइटांना, म्हणजे झेवियरच्याच संघातल्या धर्मगुरूंना, हाकललं. त्यानंतर गोव्यात कुजबुज सुरू झाली, की जाताना त्यांनी खरं शव पळवलं आणि पेटीत दुसरंच ठेवलं. ती कुजबुज बंद करायला १७८२ मध्ये पेटी उघडून लोकांना दाखवली. म्हणजे पहिलं जाहीर दर्शन ही एक तपासणीच होती. माल बदललेला नाही, येऊन खात्री करा. आज तीच तपासणी जपमाळा घेऊन, उपास धरून, मैलोगणती चालून होते आहे, आणि तपासायला कोणी आलेलं नाही. माझ्याशिवाय.

संशय अजूनही संपलेला नाही म्हणा. श्रीलंकेत काही जण ठामपणे सांगतात की हा देह त्यांच्या राहुल थेर नावाच्या विद्वान भिक्खूंचा आहे. आणि यंदा ऑक्टोबरात गोव्यातल्याच एका नेत्याने डीएनए चाचणीची मागणी केली, त्यावरून राज्यभर मोर्चे निघाले, रस्ते अडले. मला त्या मागणीतला डिवचण्याचा सूर कळत होता, पण हाडात मुरलेल्या सवयीने डोक्यात पहिला प्रश्न आला तो वेगळाच. जुळवणार कशाशी? कुठल्याही चाचणीला आधी संदर्भ नमुना लागतो. या देहाचा उजवा हात कोपरापासून १६१४ मध्ये कापून रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. तो आणि हा जुळले तरी सिद्ध काय होणार? दोन्ही एकाच माणसाचे, इतकंच. त्या माणसाचं नाव डीएनएवर लिहिलेलं नसतं.

से कॅथेड्रल आत गेल्यावर एवढं मोठं आहे की आपण आपोआप हळू बोलतो. बाहेरून एकाच बाजूला मनोरा, दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो परत कोणी बांधला नाही. वेदीसमोर काचेची पेटी. "फुडें, फुडें" करत माणसं सरकत होती. आमच्या वाट्याला किती सेकंद आले सांगता येणार नाही. मी घड्याळ बघणार होते, विसरले.

जरीची वस्त्रं. त्यातून वर आलेलं डोकं, हाडाला चिकटलेली काळपट कातडी. ताजं वगैरे काही नाही. सुकलेलं. पावणेपाचशे वर्षांच्या देहाला सुकणं हाही काही कमी पराक्रम नाही, पण माझ्या आत 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं काहीतरी उठलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. येशू परत उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला निदान जखमेत बोट घालायला मिळालं होतं. मी काचेबाहेरूनच निकाल देऊन मोकळी झाले.

बाहेर पडता पडता आई एका बाजूच्या वेदीशी थांबली. तिथे तो वाढणारा क्रूस आहे, चमत्काराचा. १६१९ मध्ये त्यावर येशू दिसला म्हणतात, आणि लाकूड वाढतं म्हणतात. पेटीला भोक ठेवलं आहे, त्यातून हात घालून लाकडाला स्पर्श करायचा. आईने घातला. मला म्हणाली, "घाल." मी म्हटलं, "कोणी मोजलं आहे का दरवर्षी?" ती म्हणाली, "हात घालायला मोजमाप कशाला लागतं?" मी घातला. लाकूड गुळगुळीत होतं, लोकांच्या बोटांनी झिजून. वाढत असेल तर या झिजण्यावर मात करून वाढत असणार.

मैदानात झाडाखाली बसलो. आई बराच वेळ काही बोलली नाही.

"केवढासा झाला," म्हणाली. "मी पाहिला तेव्हा चेहरा जास्त चेहऱ्यासारखा होता."

मी म्हटलं, "पन्नास वर्षं झाली, आई. दमट हवा."

"पप्पा पण शेवटी एवढेसेच झाले असतील."

पप्पा एप्रिल २०२१ मध्ये गेले. तेव्हाच्या नियमाने कोणालाच जवळ जाऊ दिलं नाही. आम्हाला पेटीही दिसली नव्हती, गाडी दिसली.

रविवार, १ डिसेंबर

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. फादरांची वस्त्रं जांभळी, नाताळच्या वाटेवरची पहिली मेणबत्ती पेटलेली.

मिस्सा कोंकणीत. आई सगळी उत्तरं मराठीत देत होती, मोठ्याने, आणि एकदाही चुकली नाही, कारण क्रम तोच. लहानपणी तिने लॅटिन मिस्सा ऐकलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर साठच्या दशकाच्या शेवटी मराठी आली, पण 'एत कुम स्पिरितू तुओ' तिला अजून पाठ आहे. अर्थ विचारला तर म्हणते, "फादरांना नमस्कार." तसा तो चुकीचाही नाही.

माझी गंमत सांगते. एकोणीस वर्षांत मी लग्नं आणि अंत्यविधी सोडून मिस्सेला बसलेली नाही. ठरवलं होतं, आईजवळ बसायचं, पण उठबस करायची नाही. शुभवर्तमानाला सगळे उठले आणि मी उभी होते. अर्पणाच्या वेळी घंटी वाजली आणि मी गुडघ्यांवर होते. गुडघे माझ्या मताला विचारत नाहीत. राग आला स्वतःचा. मग आठवलं, कारखान्यात निर्जंतुक खोलीत जाताना मीही हेच करते. टोपी, मास्क, हात धुणं, बाकावरून आधी एक पाय, त्याला स्वच्छ बूट, मग दुसरा. प्रत्येक पायरीमागे कारण आहे, ते मी कधीकाळी शिकले आहे. पण रोज सकाळी आठ वाजता मी ते कारण आठवून करत नाही. एखादी पायरी चुकली तर मला जी अस्वस्थता येते तिला जंतुशास्त्र म्हणणं अवघडच आहे.

अर्थात फरक आहे. तिथे पायरी चुकली तर तपासणीच्या बशीवर जंतू उगवून येतात, तीन दिवसांत. इथे काही उगवत नाही. की उगवतं?

कम्युनियनला, पवित्र भाकर घ्यायला, आई गेली, मी बसून राहिले. बाजूच्या बाईने पाय आत घेऊन मला वाट करून दिली, मी मान हलवली, तिने पुन्हा पाय लांब केले. काही विचारलं नाही. बरं वाटलं.

दुपारी आई झोपली आणि मी एकटीच सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याकडे गेले. या सगळ्या प्रवासात मला स्वतःसाठी काही बघायचं होतं तर ते हे. ४६ मीटरचा मनोरा, जांभ्याचा, अर्धा उभा. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छप्पर आत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा पुढचा भाग गेला. आता गवत, तुटके खांब आणि पुरातत्त्व खात्याच्या पाट्या.

जॉर्जियाची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला धर्म सोडायला सांगितलं, तिने नकार दिला, १६२४ मध्ये शिराझला तिचे हाल करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये गोव्यात या मठात आणून ठेवले. कुठे ठेवले ते जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहून ठेवलं होतं, अगदी कुठल्या खिडकीशी तेसुद्धा. मठ पडला, झाडं उगवली, खिडकी कुठली ते कळेना. पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं उकरून त्या वर्णनाशी जुळणाऱ्या जागेतून हाडं काढली आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला. जे वाण निघालं ते भारतात जवळजवळ सापडत नाही, जॉर्जियात सापडतं. २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला दिला. तिथे तिला संत मानतात.

मी त्या भिंतीजवळ अर्धा तास बसले. यात सगळं आहे जे मला हवं असतं. नोंद, जागा, नमुना, चाचणी, आणि निष्कर्ष लिहिताना 'नक्की तीच' न म्हणता 'असण्याची शक्यता मोठी' म्हणण्याचं भान. आणि तरी, हे हाड पहिल्यांदा शिराझहून उचललं ते कोणी? ज्यांना चाचणी माहीत नव्हती त्यांनी. चारशे वर्षं ते हाड टिकलं आणि खिडकीची खूण टिकली, कारण कोणाला तरी ते चुंबण्यासारखं वाटलं. हाड कोणी जपलंच नसतं तर हैदराबादला पाठवायला काय होतं?

हे मी आईला सांगितलं संध्याकाळी. ती म्हणाली, "राणी आपल्या घरी गेली ना? मग झालं."

सोमवार, २ डिसेंबर

सकाळी फेरीने दिवाडीला. चालत जाणाऱ्यांना पैसे नाहीत. मांडवी सपाट, पलीकडे माड. टेकडीवर पिएदादचं चर्च, निळसर पांढरं, वरून जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात.

या बेटावर सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं, कदंबांचं कुलदैवत. ते पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्याला गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. चर्चच्या स्मशानातल्या छोट्या चॅपलचं छत जुन्या देवळाच्या वळणाचं आहे, दगडी कमळ असलेलं. त्याखाली उभं राहून मी आईला म्हटलं, "तुझ्या या सायबाने, झेवियरने, १५४६ मध्ये राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं होतं, माहीत आहे?" धर्माबाहेर वागणाऱ्यांना शिक्षा करणारं ते न्यायालय १५६० मध्ये आलं, तो मेल्यानंतर आठ वर्षांनी, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. किती घरं, किती माणसं. मी जरा तावातच बोलले.

आईने छताकडे बघितलं. "वाईट केलं," म्हणाली. मी थांबले, पुढे 'पण' येईल म्हणून. आला नाही.

मग बाकावर बसल्यावर तिने आपणहून सांगितलं. मी तिचे शब्द जमतील तसे लिहिते.

पप्पा व्हेंटिलेटरवर होते तेव्हा ती रात्री ओट्यावर उभी राहून बोलली होती: ते घरी आले तर पुढच्या दर्शनाला येईन, स्टेशनावरून अनवाणी चालत तुझ्या दारी येईन, मेणाची फुप्फुसं वाहीन.

मी काही क्षण हिशेब केला. "पण आई, पप्पा घरी आलेच नाहीत."

"हो."

"मग नवस लागूच होत नाही. अट पुरी झाली नाही."

"तुझ्या कारखान्यात तसं असेल."

"कारखान्याचं काय त्यात? साधा तर्क आहे. जर हे झालं तर ते. हे झालंच नाही."

"त्याने नाही केलं," आई म्हणाली. "म्हणून मीही करायचं नाही? मी बोलले होते येईन म्हणून."

मी विचारलं, रागावली नाहीस त्याच्यावर? ती म्हणाली, "रागावले की. दोन वर्षं त्याचा फोटो उलटा ठेवला होता. तू घरी यायचीस, तुला दिसला नाही." खरंच दिसला नाही. देव्हाऱ्याकडे बघायचं नाही हा माझा नियम होता, तो मी नीट पाळला होता.

मग शुक्रवारची टॅक्सी आठवली.

संध्याकाळी कुमसाराच्या रांगा लागलेल्या, पापनिवेदनाच्या. उद्या फेस्त, संताचा सण, सगळ्यांना आज मोकळं व्हायचं. आईला पाय दुखायला लागले म्हणून मी तिच्या जागी उभी राहिले, नंबर लावून. ती स्वच्छतागृहाकडे गेली आणि परत येईना. माझ्या पुढचा म्हातारा उठला आणि मी खुर्चीसमोर.

"फादर, मी नाही, माझी आई आहे. तिचा नंबर धरलाय."

तरुण फादर होते. हसले. मराठी स्वच्छ, सावंतवाडीकडचं. "मग ती येईपर्यंत बसा. मागचे लोक ओरडतील नाहीतर."

बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "ते शव कुजलेलं नाही हे मानावं लागतं का?"

"नाही. धर्ममताचा भाग नाही तो. देह टिकला म्हणून कोणी संत ठरत नाही. आणि टिकलेलाही कुठे आहे? तुम्ही पाहिलात ना?"

"मग लोक तीन तास उभे का राहतात?"

ते जरा विचारात पडले. मला वाटलं आता तयार उत्तर येणार, व्याख्यानातलं. म्हणाले, "मी दहा दिवस इथे बसतोय. शवाबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तेवढ्यात आई आली, मी उठले. माझ्याकडून कबुली वगैरे काही झालं नाही. आई मात्र बराच वेळ बसली होती. त्या मानाने तिची पापं ती काय असणार, पण तिचा हिशेब तिच्याजवळ.

मंगळवार, ३ डिसेंबर

पहाटे साडेतीनला उठलो. टॅक्सीवाल्याला रात्री सांगून ठेवलं होतं. तो डोळे चोळत आला, आमच्याकडे सामान नाही हे बघून गोंधळला. "गाडी किती वाजताची?" मी म्हटलं, "गाडी नाही. स्टेशनावर सोडा फक्त. परत आम्ही चालत येणार." त्याने आरशातून आईकडे बघितलं, मग काही विचारलं नाही. उतरताना अर्धेच पैसे घेतले.

करमळीच्या स्टेशनाबाहेर आईने चपला काढल्या, पिशवीत घालू लागली. मी त्या माझ्या हातात घेतल्या. माझे बूट मी काढले नाहीत. काढावेत का, असा एक विचार येऊन गेला. पण तो नवस माझा नव्हता, आणि बोलले नव्हते त्याची नक्कल करणं मला खोटं वाटलं.

अंधारात डावीकडे तळं होतं, दिसत नव्हतं, बेडूक ऐकू येत होते. रस्त्याची खडी आईला टोचत होती, ती कडेच्या मातीवरून चालायची, मातीत काटे लागले की परत डांबरावर. दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मागून पंधरावीस माणसांचा घोळका आला, माळ म्हणत, पुढे एकाच्या हातात क्रूस. त्यांतल्या एका मुलीने आईला पाणी दिलं. आई त्यांच्या माळेत मधूनच शिरली, 'नमो मरिये' मराठीत, ते कोंकणीत, आणि माझेही ओठ हलत होते. उजेड नव्हता म्हणून बरं.

मी मोबाईल काढून वेळ बघत होते. सवय. प्रत्येक टप्प्याला वेळ टिपायची. आईच्या ते लक्षात आलं.

बॅसिलिकाच्या मैदानापाशी पोचलो तेव्हा माणसांचा समुद्र होता, लाऊडस्पीकरवर सूचना चालल्या होत्या, पूर्वेला नुसती राखाडी रेघ. आईने पिशवीतून मेणबत्ती काढली. फुप्फुसं नाहीत तर नाहीत. जिथे सगळे लावत होते तिथे लावली, वारा होता, दोनदा विझली, तिसऱ्यांदा शेजारच्या माणसाने तळव्याचा आडोसा धरला. मग चपला मागितल्या, पाय न पुसताच घातल्या.

"किती वाजले?"

"पाच चाळीस."

"लिहून ठेव."

मी वही काढली. "काय लिहू?"

"आले म्हणून."